विश्लेषण : ओट्स तेच, मग पाकिटे वेगळी का?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील सुपरमार्केटमध्ये स्टील कट, रोल्ड, क्विक, इन्स्टंट, मसाला अशा नावांची ओट्सची पाकिटे शेजारी शेजारी असतात. मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलसाठी ‘ओट्स खा’ एवढाच सल्ला घेऊन आलेला ग्राहक बहुधा तीन मिनिटांत होणारे पाकीट उचलतो. सकाळची लोकल थांबत नाही. पण धान्य एकच असले तरी परिणाम एकच नसतो.

कारखान्यात काय होते?

ओट हे भातासारखे तुसाचे धान्य. आपल्याकडे ते मुख्यतः चाऱ्यासाठी घेतले जाते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाणही चाऱ्याचाच. खाण्यासाठी तूस काढून दाणा वाफवतात आणि सुकवतात, कारण त्यात गहू-तांदळापेक्षा तेल जास्त असते. ते खवट करणारे विकर उष्णतेने निकामी होते. त्यामुळे दुकानातले ‘कच्चे’ ओट्स नावापुरतेच कच्चे.

हा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापला की स्टील कट. तो लापशीच्या रव्यासारखा दिसतो, शिजायला 20 ते 30 मिनिटे घेतो. अख्खा दाणा पुन्हा वाफवून रोलरखाली चपटा केला की रोल्ड. आधी कापून मग आणखी पातळ दाबला की क्विक. इन्स्टंट तर शिजवून वाळवलेलाच असतो. भात भिजवून, भाजून, चेपून पोहे करणाऱ्या मुलखाला यात नवे काही नाही. जाडे आणि पातळ पोहे ओळखणाऱ्याला रोल्ड आणि क्विक वेगळे समजवावे लागत नाहीत.

रक्तातील साखरेचे काय?

दाणा जितका पातळ आणि शिजलेला, तितका तो लवकर पचतो. स्टील कट आणि रोल्डचा ग्लायसेमिक निर्देशांक साधारण 55च्या आसपास असतो, इन्स्टंटचा 70च्या पुढे जातो. कोलेस्टेरॉलसाठी उपयोगी बीटा-ग्लुकान हा तंतू मात्र सगळ्यांत असतो. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकानचा हृदयाला फायदा होऊ शकतो, हा दावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये मान्य केला.

मसाला पाकिटात प्रश्न मिठाचाही आहे. वेष्टनावर 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे 1 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमची आहे. घाईच असेल, तर साधे रोल्ड ओट्स रात्री दह्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवावेत. सकाळी गॅस पेटवावा लागत नाही आणि मीठ किती घालायचे ते आपल्या हातात राहते.