मोदक: फलकावरचे गुबगुबीत अक्षर

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने घडवलेला ‘मोदक’ हा देवनागरीतल्या सर्वांत जाडजूड फॉन्टपैकी एक. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची ही निर्मिती. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्या त्यात आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो.

‘ठाणे’ हा शब्द त्यात लिहून पाहा. ‘ठ’च्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ मिटते. उरते ती बारीक पांढरी रेघ, आणि तेवढ्यावर अक्षर ओळखू येते! हीच त्याची खरी करामत. पण आकार लहान केला की ती रेघ बुजते आणि अक्षराचा गोळा होतो. म्हणून मजकुरासाठी हा फॉन्ट वापरूच नये.

डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या पाडव्याच्या शोभायात्रेचा फलक, ठाण्यातल्या दहीहंडीची कमान, कल्याणच्या एखाद्या मिठाईच्या दुकानाची पाटी अशा ठिकाणी दोन-तीन शब्दांत तो शोभतो. तारीख, वेळ, पत्ता मात्र साध्या, सडपातळ अक्षरांत द्या. आणि फ्लेक्स छापायला देण्याआधी नमुना दहा पावले दूर धरून एकदा वाचून पाहा.