९९ म्हणजे ताप नव्हे

संध्याकाळी मुलाचं अंग जरा कोमट लागलं, थर्मामीटरवर ९९.२ दिसलं, की घरात धांदल उडते. दुसऱ्या दिवशीची शाळा बुडते, पॅरासिटामॉलची बाटली बाहेर निघते, काढा उकळायला ठेवला जातो. मूल मात्र छान खेळत असतं. ९८.६ च्या वर गेलं म्हणजे ताप, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की समोरच्या मुलापेक्षा आकड्यावर आपला विश्वास जास्त.

हा आकडा आला जर्मनीतल्या लाइपझिगहून. तिथले डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध केला. त्यांचं थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होतं. ते काखेत धरून पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागे. त्यांनी काढलेली सरासरी ३७ अंश सेल्सिअस. ती फॅरनहाइटमध्ये मांडली की ९८.६ होते, आणि त्या दशांशामुळे मुळात ढोबळ असलेला आकडा काटेकोर वाटू लागतो. खुद्द वुंडरलिख यांनी सकाळ-संध्याकाळचा फरक नोंदवला होता आणि निरोगी माणसाची वरची मर्यादा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, अशी सांगितली होती. पुढच्या पिढ्यांनी त्यातली सरासरी तेवढी उचलली आणि तिचीच सीमारेषा केली.

अमेरिकेत फिलिप मॅकोविआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये १४८ निरोगी प्रौढांचं तापमान तोंडात थर्मामीटर ठेवून पुन्हा मोजलं. सरासरी निघाली ९८.२ आणि वरची मर्यादा ९९.९. पहाटे सहाच्या सुमारास शरीर सर्वांत थंड असतं, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत गरम. म्हणजे संध्याकाळचे ९९.२ ही बहुतेक वेळा निरोगी शरीराची रोजची चढती वेळ असते. धावपळ, जाड पांघरूण, भरपेट जेवण यांनीही पारा थोडा चढतो. स्त्रियांमध्ये बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंत तापमान अर्धा ते एक अंश जास्त राहतं.

ढोबळमानाने १००.४ पासून पुढे डॉक्टर ताप धरतात. मोजताना घाई नको. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो. गरम चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच तोंडात थर्मामीटर ठेवावं. कोरोनाच्या काळात दारोदारी कपाळावर रोखलेली बंदूक फक्त त्वचेचं तापमान सांगते, त्यामुळे उन्हातून आलेल्या माणसाला ती उगाच तापलेला ठरवू शकते. आईचा उलटा हात काहीतरी बिघडलंय हे ओळखतो, पण किती ते सांगत नाही.

‘थर्मामीटरवर दिसत नाही, पण आतून ताप आहे’ हे तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. डोळ्यांची जळजळ, अंगदुखी, थकवा हे त्रास खरेच असतात, पण तेव्हा तापाची गोळी न घेता त्यामागचं कारण शोधायला हवं. आणि रोज संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर वेळ लिहून नोंद ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला राहिला, वजन घटलं, रात्री घाम फुटला, तर क्षयाची तपासणी करायलाच हवी.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे ताप हाच शत्रू. जंतुसंसर्ग झाला की मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र आपली ठरलेली पातळी स्वतःच वर नेतं. नव्या पातळीपेक्षा शरीर थंड असतं, म्हणून हुडहुडी भरते आणि स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. अशा वेळी अंगावर बर्फाचं पाणी ओतलं तर हुडहुडी वाढते आणि रुग्णाचे हाल होतात. उलट तीन गोधड्या घालून ‘घाम काढणं’ही चुकीचं, कारण उष्णता आतच कोंडते. पॅरासिटामॉल ती पातळी तात्पुरती खाली आणतं. त्याने माणसाला बरं वाटतं, पण जंतू मरत नाहीत. म्हणून मूल पाणी पितंय, खेळतंय, तर आकडा उतरवण्यासाठी झोपेतून उठवून औषध पाजायची गरज नसते. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटके येतात. पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण बहुतेकदा त्यातून कायमची इजा होत नाही. मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने रुग्णालयात न्यावं, आणि पहिलाच असेल तर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

उष्माघाताची गोष्ट अगदी वेगळी. तिथे मेंदूने पातळी वाढवलेली नसते, शरीराला उष्णता बाहेर टाकणंच जमेनासं होतं. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर एका सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्यांपैकी काही माणसं अशीच दगावली. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग १०४ च्या वर तापलं, तर पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. सावलीत नेऊन पाण्याने भिजवणं, वारा घालणं आणि रुग्णवाहिका बोलावणं, सगळं एकदमच व्हायला हवं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आलं, तर बाळ हसत असलं तरी त्याच वेळी डॉक्टर गाठावेत. म्हाताऱ्या माणसांचं मूळ तापमानच कमी असतं, त्यामुळे गंभीर संसर्गातही पारा फारसा चढत नाही. आजोबा एकाएकी गोंधळले, जेवण सोडलं, पडून राहू लागले, तर ९९.५ लाही गप्प बसू नये.

पावसाळ्यात सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र ‘ताप उतरला, म्हणजे बरं झालं’ हा आहे. डेंग्यूत ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रुग्ण अचानक खालावू शकतो. थर्मामीटर तेव्हा अगदी सरळ ९८ दाखवत असतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, विलक्षण गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या, आणि ताप गेल्यानंतरचे दोन दिवस रुग्णाकडे आधीपेक्षा जास्त लक्ष ठेवा.