भिंती ढकलणारी माणसं

पुण्याजवळच्या एका रिकाम्या गोदामात सकाळी आठला नारळ फुटला आणि सव्वाआठला लक्षात आलं, की खोलीला ब्रेकच नाही. खोली म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती, 12 फूट लांब, 10 फूट रुंद, वरून उघडी, खाली चाकं. आत सोफा, खिडकीला पडदा आणि हार घातलेला आजोबांचा फोटो. चाकंसुद्धा उसनी होती. एका डीजेवाल्याने स्पीकरच्या पेट्यांखालची काढून एका दिवसापुरती दिली होती. एक पोरगा भिंतीला जरा टेकला आणि आख्खं घर दोन हात पुढे गेलं.

गाणं एका नव्या गायिकेचं. तिने घरातल्या घरात पाय न उचलता एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहत जायचं, एवढीच कल्पना. ती आमची नव्हे. 1996 साली ब्रिटनच्या जामिरोक्वाय बँडच्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ या गाण्यात जोनाथन ग्लेझरने ती केली. पाहणाऱ्याला वाटतं, जमीन सरकतेय. पण जमीन जिथल्या तिथे असते; सरकतात त्या भिंती, आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा. स्वारगेटला शेजारची एसटी हलली की आपलीच गाडी मागे चाललीय असं वाटतं ना, तेच. त्याच्याही आधी, 1951 च्या ‘रॉयल वेडिंग’मध्ये फ्रेड अस्टेअर भिंतीवरून छतावर नाचत गेला, तेव्हा खोलीच गोल फिरत होती आणि कॅमेरा तिला घट्ट बांधलेला होता.

माझं काम प्लेबॅकचं, म्हणजे लॅपटॉपवर गाणं लावायचं. त्यामुळे दिवसभर मी दोन्ही बाजू पाहू शकलो. भिंतीच्या आत एक हसरी मुलगी, भिंतीमागे घामाने निथळणारी सहा पोरं.

खोलीला जे जे जोडलेलं नाही ते ते चुगली करतं, हा पहिल्या तासाचा धडा. दिवे गोदामाच्या तुळईला टांगले होते, तर भिंती हलताच सावल्या जमिनीवरून पळायला लागल्या. लाइटदादांनी चकार शब्द न काढता सगळे दिवे उतरवून खोलीच्याच माथ्यावर बांधले. मग आजोबा. खोलीला धक्का बसला की त्यांचा फोटो लोलकासारखा डुलायचा. आर्टवाल्या पोराने फोटोमागे डबल टेप लावली, हाराचं एकेक फूल फेविक्विकने चिकटवलं आणि वर हात जोडून आजोबांची माफीही मागितली. पडद्याच्या खालच्या शिवणीत लोखंडी नट भरले. उरली जमीन. ती मुद्दाम एकसारखी राखाडी रंगवली होती, पण धुळीत उमटलेली पावलं गायिकेच्या मागोमाग सरकत यायची. म्हणून प्रत्येक टेकनंतर एक स्पॉटदादा ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर. आर्ट, कॅमेरा, नृत्य अशा सगळ्या विभागांची नावं श्रेयनामावलीत जातात. त्या फडक्याचं कधीच जात नाही.

खरा घोळ चाकांनी केला. ती होती फिरती. पेटी वळवायला सोयीची. पण खोली डावीकडे नेऊन पुन्हा उजवीकडे ढकलली, की प्रत्येक चाक आधी स्वतःभोवती अर्धी गिरकी घ्यायचं आणि त्या गिरकीत भिंत कचकन आडवी जायची. पडद्यावर ते भूकंपासारखं दिसत होतं. सुतारमामांनी चाकांकडे थोडा वेळ पाहिलं, बिडी विझवली आणि म्हणाले, “यांची मान आवळायला लागंल.” वेल्डिंग करायचं तर चाकं परत कशी देणार? शेवटी लाकडी पाचरी ठोकून एकेक चाक सरळ दिशेत जखडलं. तीन तास गेले. निर्मात्याने तेवढ्या वेळात चार वेळा घड्याळ पाहिलं आणि एकदा माझ्याकडे, जणू चाकं मीच फिरवत होतो.

दुसरी युक्ती वेगाची. दृश्य सेकंदाला 36 चौकटींनी टिपायचं आणि 24 ने दाखवायचं, म्हणजे सगळं दीडपट सावकाश दिसतं. हालचाल जड आणि लोण्यासारखी होते, ढकलण्यातले बारीक हिसके त्यात विरतात. मात्र ओठ शब्दांना जुळायचे, तर सेटवर गाणं दीडपट वेगात वाजवावं लागतं. मिनिटाला 90 ठोक्यांचं संथ गाणं मी 135 वर लावत होतो. गायिका स्वतःचंच विरहगीत पळत्या भाजीवाल्यासारखं म्हणत होती आणि चेहरा मात्र विरहाचा ठेवत होती. अभिनय म्हणतात तो हा. चार ठोक्यांत खोली आठ फूट न्यायची, म्हणजे सेकंदाला साडेचार फूट. ओके गो या अमेरिकन बँडने 2016 च्या ‘द वन मोमेंट’मध्ये याच गणिताची कमाल केली. त्यांचं जवळजवळ सगळं गाणं 4.2 सेकंदांत उडालेल्या स्फोटांवर आणि रंगांवर उभं आहे.

कॅमेऱ्याचा वेग आणि जगाचा वेग यांची फारकत केली की जादू होते, हे दादासाहेब फाळक्यांनी आपल्याकडे 1912 मध्येच ओळखलं होतं. कुंडीतल्या रोपाची वाढ त्यांनी एकेक चौकट करत टिपली आणि तो छोटा चित्रपट दाखवून भांडवल उभं केलं. त्याआधी ते जादूचे प्रयोग करत, आपलंच आडनाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून. मला तर ते नाव म्हणजेच आपल्याकडची पहिली ट्रिक वाटते.

पाचरी ठोकणं चालू असताना एडिटर दोनदा म्हणाला, “पोस्टमध्ये करू या ना.” त्याचं चुकत नव्हतं. संगणकावर हे झालं असतं, कदाचित स्वस्तातही. मी काही सोवळ्यातला नाही. नंतर दोन शॉटमधली पावलं आम्ही संगणकावरच पुसली. पण हिरव्या पडद्यासमोर उभ्या मुलीला सोफा येतोय हे फक्त सांगावं लागतं. इथे सोफा खरोखर येत होता. अकराव्या टेकला त्याचा कोपरा तिच्या पोटरीला निसटता लागला, तिने न पाहता पाय उचलला, तोल सावरला आणि पुढची ओळ ठोक्यावर घेतली. दिग्दर्शकाने तोच टेक ठेवला.

शूटिंगला गोदामातला आवाज घेतलाच जात नव्हता, म्हणून टेक चालू असताना सगळे मोकळेपणाने ओरडत. भिंतीमागच्या पोरांना आत काय चाललंय ते दिसत नसे. ती ढोलपथकातली होती आणि ठोके त्यांच्या अंगात होते. “एक, दोन, तीन, थांब!” असा गजर, त्यावर माझं पळतं गाणं, त्यावर सुतारमामांच्या शिव्या. व्हिडिओ पाहाल तेव्हा यातलं काहीही ऐकू येणार नाही. एक बाई शांतपणे स्वतःच्या घरातून वाहत जाते, बस्स.

पॅकअप रात्री पावणेबाराला झालं. पोरं जेवायला बसली, मामा मात्र बॅटरीच्या उजेडात पाचरी काढत होते. चाकं सकाळी सातच्या आत परत करायची होती. डीजेवाल्याची चाकणला हळद होती.