हेरिंग कच्चा, मरळ शिजलेलीच!

जूनच्या मध्यावर नेदरलँड्समध्ये नव्या हेरिंगचा हंगाम सुरू होतो. टपरीवर उभे राहून लोक हा मासा शेपटीला धरून उचलतात आणि बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर कच्चाच खातात. मग आपल्या भंडाऱ्याच्या तलावातली ताजी मरळ कच्ची का खाऊ नये?

डच हेरिंग वाटतो तितका कच्चा नसतो. पकडल्यावर त्याचे कल्ले आणि बरीचशी आतडी काढतात, स्वादुपिंड मात्र ठेवतात. त्यातली विकरे हलक्या मिठात मांस मऊ आणि चवदार करतात. मांसात किमान 16 टक्के चरबी असेल तरच त्याला 'नवा हेरिंग' म्हणता येते.

पण परजीवी मारायला मीठ आणि विकरे पुरेशी नव्हती. 1955 मध्ये रॉटरडॅममध्ये पोटदुखीने बेजार झालेल्या एका रुग्णाच्या आतड्यात अनिसाकिस या कृमीची अळी सापडली. ती हेरिंगमधून आली होती. अखेर 1968 मध्ये कायदा झाला: मासा उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास गोठवलाच पाहिजे. त्यानंतर हा आजार तिथे जवळजवळ नाहीसा झाला.

गोड्या पाण्यातले परजीवी वेगळे असतात. नॅथोस्टोमा या कृमीची अंडी कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून पाण्यात जातात. तिथून अळ्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जिवात, मग मरळ-मांगूरसारख्या माशांत शिरतात. असा मासा कच्चा खाल्ला, तर अळी माणसाच्या त्वचेखाली भटकते. क्वचित डोळ्यात किंवा मेंदूतही पोहोचते. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून यकृतकृमी पोटात जातात आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो.

कोहळी समाजाने बांधलेल्या आणि ढिवर समाजाने पिढ्यानपिढ्या जपलेल्या मालगुजारी तलावांचा मासा हे आपल्या जिल्ह्याचे मोलाचे अन्न आहे. त्याला रश्शात रटरटू देणारी आपली स्वयंपाकाची रीत शास्त्राच्या कसोटीवर खरी उतरते. मासा गाभ्यापर्यंत पूर्ण शिजला की या अळ्या मरतात. हळद, लिंबू, तिखट लावल्याने त्या मरत नाहीत आणि ताजेपणाही त्यांच्यापासून वाचवत नाही, कारण जिवंत माशातच त्या असतात.

म्हणून जाड तुकडा तव्यावर वरवर परतून उतरवू नका. मांस आतपर्यंत पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटेपर्यंत शिजवा आणि कच्ची आतडी कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका.