जुने यंत्र आणि गोल्फचे मैदान

गोल्फ हा सावकाशीचा खेळ आहे आणि संगणकावरील गोल्फ एके काळी त्याहूनही सावकाशीचा होता. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील ॲक्सेस सॉफ्टवेअर या कंपनीने १९९० मध्ये 'लिंक्स' हा खेळ बाजारात आणला, तेव्हा प्रत्येक फटक्यानंतर पुढचे दृश्य पडद्यावर उमटण्यास कित्येक सेकंद लागत. टेकडी, वाळूचा खड्डा, एकेक झाड असे ते चित्र खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुरे होई. खऱ्या मैदानावर चेंडूपर्यंत चालत जाण्यास याहून अधिक वेळ लागतो, अशी मनाची समजूत घालून लोक वाट पाहत. १९९२ मध्ये 'लिंक्स ३८६ प्रो' आला. इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरचे नाव त्याने अभिमानाने मिरविले. पुढे विंडोजवरील आवृत्त्या निघाल्या. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली, २००४ मध्ये ती पुन्हा विकली गेली आणि २००६ मध्ये बंद पडली.

कंपनी बंद पडली तरी तबकड्या लोकांच्या कपाटात राहिल्या. तबकड्यांहून मोलाची अशी आणखी एक गोष्ट राहिली. 'लिंक्स २००१' या आवृत्तीबरोबर नवे मैदान रचण्याचे साधन दिलेले होते. हौशी लोकांनी त्याच्या साहाय्याने घरबसल्या शेकडो मैदाने रचली आणि एकमेकांना वाटली. त्यांत कोणाची कित्येक महिन्यांची मेहनत आहे. पण मूळ खेळ चालला नाही, तर ती मैदाने पाहण्याचीही सोय उरत नाही.

आणि खेळ चालणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरच्या संगणकांना दारातच अडविते. ज्याचा संगणक धडधाकट आहे, परंतु वयाने बाद ठरला आहे, अशा गृहस्थापुढे दोनच वाटा राहतात: यंत्र भंगारात द्यावे किंवा त्यावर लिनक्स चढवावे. दुसरी वाट धरली की पहिला प्रश्न येतो, आपल्या खेळाचे काय?

त्याचे उत्तर 'वाइन' या आज्ञावलीत आहे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम चालताना पदोपदी विंडोजकडे मागण्या करीत असतो: चौकट उघड, फाइल वाच, आवाज काढ. या मागण्यांची भाषा ठरलेली असते. वाइन विंडोजच्या जागी बसून त्या ऐकते आणि लिनक्सकडून पुरवून घेते. प्रोग्रामच्या मूळ सूचना मात्र प्रोसेसर स्वतःच पार पाडतो. संपूर्ण संगणकाची नक्कल करण्याचा भार यात पडत नाही. थकलेल्या यंत्राला हीच गोष्ट मानवते. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले, १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार यांनी त्याची धुरा वाहिली आणि १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये बाहेर पडली. पंधरा वर्षे! मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीचे अंतरंग उघड केलेले नसताना, प्रोग्रामांचे वागणे तपासून ही दुसरी बाजू उभारावी लागली.

तरीही सारे सुरळीत होते असे नाही. 'लिंक्स'मधील फटका तीन टिचक्यांचा: पहिलीने दांडा मागे जातो, दुसरीने जोर ठरतो, तिसरीने चेंडूवर आघात होतो. चित्र क्षणभर अडखळले की तिसरी टिचकी चुकते आणि चेंडू झाडीत जातो. जुन्या ग्राफिक्स कार्डावर असे हमखास घडते. मग पडद्याची बारीकी कमी करावी, वाइनची आवृत्ती बदलावी, असे प्रयोग सुरू होतात. त्यात त्या काळच्या अनेक खेळांना नकलेच्या भीतीने कुलपे घातलेली असत. 'सेफडिस्क' या कुलपाचा आधार खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०१५ मध्ये विंडोज १० मधून सुरक्षेच्या कारणास्तव काढून टाकला. परिणाम असा, की पैसे मोजून घेतलेली अस्सल तबकडीच नव्या विंडोजवर चालेनाशी झाली.

लिनक्सच्या अभिमान्यांनी मात्र याबद्दल फार फुशारकी मारू नये. लायनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहिले, त्याचाच आधार लिनक्सच्या गाभ्यातून डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला. जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिटांचे ग्रंथसंच वगळण्याचे जाहीर केले. वाइनचे कार्यकर्ते आणि खेळ विकणारे यांनी ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच पाऊल मागे घ्यावे लागले. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने तर ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी स्थापनेची सोयच बंद केली. वाइनने जानेवारी २०२४ मधील ९.० आवृत्तीत अशी नवी व्यवस्था आणली, की निव्वळ ६४ बिटांच्या लिनक्सवरही ३२ बिटांचे प्रोग्राम चालावेत. ती प्रारंभी प्रायोगिक होती. यामुळे खेळ वाचतो; पण म्हातारे यंत्र वाचत नाही. फरक एवढाच, की लिनक्सचे जुने मूळ लेखन सर्वांना खुले आहे आणि ज्याला ते पुढे चालवायचे आहे त्याला कोणी अडवीत नाही. अर्थात चालविणारा माणूस मिळाला पाहिजे, आणि स्वयंसेवकांच्या फुरसतीवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न उरतोच.

कोणत्याही कंपनीने जुना माल जन्मभर सांभाळावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र दुकान गुंडाळताना विकलेल्या मालावरचे कुलूप काढावे आणि फाइलींची घडण जाहीर करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. प्रश्न गोल्फपुरता नाही. युनिकोडपूर्व काळात महाराष्ट्रातील कचेऱ्यांत, शाळांत आणि छापखान्यांत जे मराठी लेखन संगणकावर झाले, ते त्या त्या विक्रेत्याच्या अक्षरसंचात बांधलेले आहे. तो अक्षरसंच नसला की सेवापुस्तकाच्या किंवा निकालपत्रकाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशा फाइली ज्या जुन्या संगणकांवर उघडत, ते अद्याप सुरू होतात की नाही, हे त्या कचेऱ्यांनी आणि शाळांनी एकदा कळ दाबून पाहावयास हवे.