प्रभुभोजन

एका पंगतीत बसून जेवणे म्हणजे केवळ भूक भागविणे नव्हे. ज्याच्याशी आपले मन जुळलेले असते, त्याला आपण आपल्या घासातला घास देतो. आणि ज्याच्याशी वैर असते, त्याच्या घरचे पाणीही आपल्याला नकोसे वाटते. अन्न माणसांना जोडते, तसेच ते त्यांना तोडूही शकते. ख्रिस्ती धर्मातील एक थोर विधी याच अनुभवावर उभा आहे. त्याला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिक लोक त्यास कम्युनियन असेही म्हणतात. या शब्दाचा अर्थ सहभाग असा आहे.

या विधीचा उगम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रात्री झाला. यरुशलेम नगरीत वल्हांडण सणाचे दिवस होते. आपले पूर्वज मिसर देशाच्या दास्यातून मुक्त झाले, याचे स्मरण यहुदी लोक या सणात करतात. सुटकेच्या घाईत पीठ फुगण्याइतकाही वेळ पूर्वजांना मिळाला नव्हता. म्हणून त्या दिवसांत बेखमीर भाकर खाण्याची चाल आहे. येशू ख्रिस्त आपल्या बारा शिष्यांसह जेवावयास बसला होता. हे आपले अखेरचे भोजन आहे, हे त्याला ठाऊक होते. इतकेच नव्हे, तर आपल्याला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य याच पंगतीत आहे, हेही तो जाणत होता.

येशूने भाकर हाती घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सर्वांना वाटली. ही भाकर म्हणजे तुमच्यासाठी दिलेले माझे शरीर होय, असे त्याने त्यांना सांगितले. मग त्याने द्राक्षारसाचा प्याला दिला व तो आपल्या रक्ताने होणाऱ्या नव्या कराराचा प्याला आहे, असे म्हटले. आपल्या स्मरणार्थ हे करीत जा, अशी आज्ञाही त्याने दिली. दुसऱ्याच दिवशी त्याला क्रूसावर खिळण्यात आले.

भाकर मोडल्यावाचून वाटता येत नाही. येशूने आपले जीवन असेच इतरांसाठी दिले, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. पहिल्या काळातील ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनेत आणखी एक विचार मांडीत. डोंगरमाथ्यावर विखुरलेले धान्य गोळा होते आणि त्याची एक भाकर बनते. त्याचप्रमाणे देशोदेशी विखुरलेली माणसे एक व्हावीत, अशी ते याचना करीत.

या विधीचा अर्थ सर्व पंथ सारखाच लावीत नाहीत. भाकर व द्राक्षारस यांचे रूप तेच राहते, परंतु ते खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, असे कॅथलिक पंथ मानतो. प्रॉटेस्टंट पंथांपैकी कित्येकांच्या मते ती ख्रिस्ताच्या बलिदानाची पवित्र आठवण आहे. तर कित्येक म्हणतात की, ख्रिस्त त्या वेळी आत्मरूपाने आपल्या भक्तांना भेटतो. कोठे पातळ बेखमीर चकती देतात, तर कोठे साधी भाकर मोडतात. कॅथलिक मुले आधी शिकवणी घेतात आणि मग मोठ्या समारंभाने पहिले कम्युनियन स्वीकारतात. पंथ कोणताही असो, या विधीपूर्वी प्रत्येकाने आपले मन तपासावे आणि कोणाशी भांडण असल्यास ते मिटवावे, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा पुरी करणे सोपे नाही. ग्रीस देशातील करिंथ नगरात आरंभीच्या काळीच तिचा भंग झाला. तेथील श्रीमंत लोक आपापले अन्न आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. इ. स. ५५ च्या सुमारास पौल या प्रेषिताने त्यांना पत्र लिहून खडसावले. जेथे एक जण तृप्त होतो आणि दुसरा भुकेला राहतो, ते प्रभूचे भोजनच नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

महाराष्ट्रातही या भोजनाने माणसांची अशीच परीक्षा घेतली. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे १८३१ साली सुरू झाले. त्या काळी जातीजातींच्या पंगती निराळ्या होत्या, पाणवठेही निराळे होते. अशा समाजातून आलेल्या माणसांना प्रभूच्या मेजापाशी एकाच भाकरीचे वाटेकरी व्हावयाचे होते. समतेचे शब्द ओठांवर आणणे सोपे असते. परंतु दुसऱ्याने ओठांना लावलेला प्याला आपल्या ओठांना लावणे त्यांना किती जड गेले असेल! कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. खाण्यापिण्यातील सोवळे आपल्या मनातून कसे सुटले, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितले आहे. जातिभेदाची भावना ख्रिस्ती समाजातूनही एकाएकी नाहीशी झाली नाही. तरीही ज्यांच्या मनात ती उरली होती, त्यांना प्रभूचे मेज दर वेळी जाब विचारीत राहिले.

प्रभुभोजनात मिळणारा घास अगदी लहान असतो. त्याने पोट भरत नाही. परंतु शेजारी बसलेला मनुष्य कोणीही असो, तो आपला भाऊ आहे, याची आठवण तो घास करून देतो. उपासना संपवून बाहेर पडल्यावर दारापाशी एखादा भुकेला दिसला, तर त्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे, हा त्याच भोजनाचा पुढचा भाग होय.