कळलावी : नाव, कंद आणि विष

यवतमाळ जिल्ह्याच्या पानगळीच्या जंगलात, गवताळ उतारांवर आणि शेताच्या कुंपणांवर पावसाळ्यात कळलावीचा वेल फुलतो. पिवळ्या-तांबड्या, नागमोडी कडांच्या पाकळ्या ज्वालेप्रमाणे वर वळलेल्या असतात. म्हणून तिला अग्निशिखा म्हणतात. पानाच्या टोकाचा ताणा आधाराला गुंडाळून वेल वर चढतो. वनस्पतिशास्त्रात ती ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ या नावाने ओळखली जाते.

तिच्या नावांतच तिचा इतिहास साठलेला आहे. नांगरासारख्या वाकड्या कंदामुळे संस्कृतात तिला लांगली म्हटले आहे. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावण्याच्या प्रथेशी ‘कळलावी’ हे नाव जोडले जाते, तर ‘गर्भनुत्’ हे नाव तिच्या गर्भघातक गुणाकडे निर्देश करते. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत होते आणि शोधनाशिवाय तिचा वापर निषिद्ध मानला जातो.

वनस्पतीचे सर्व भाग विषारी असले तरी कंद व बियांपासून विशेष धोका असतो. त्यांतील कोल्चिसिन हे द्रव्य पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. परिणामी सूक्ष्मनलिका तयार होत नाहीत व पेशीविभाजन थांबते. ज्या पेशी सतत विभागतात त्यांना प्रथम इजा होते. म्हणूनच उलट्या व जुलाब यांनंतर अस्थिमज्जेचे कार्य मंदावते आणि वाचलेल्या रुग्णाचे केसही गळतात. हेच कोल्चिसिन गाउट या सांध्यांच्या विकारावर दिले जाते. मात्र त्याच्या गोळीत ते साधारणतः ०.५ मिलिग्रॅम इतकेच असते. कंदातील मात्रा कोणालाही डोळ्यांनी मोजता येत नाही.

रानकंद खाण्याची परंपरा असलेल्या भागात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. श्रीलंकेत कळलावीचा कंद रताळे समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कंद शिजवल्याने विष नाहीसे होत नाही. लक्षणे बहुधा २ ते १२ तासांनी दिसतात. उलट्या थांबल्यावर धोका टळल्यासारखा वाटतो, परंतु पुढील १ ते ३ दिवसांत अनेक अवयव निकामी होऊ शकतात. सहज उपलब्ध असा प्रतिविषाचा उपाय नाही. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता, खाल्लेल्या कंदाचा तुकडा सोबत घेऊन रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. प्रसूतीसाठी तर हा कंद पोटात देणे वा लेप म्हणून लावणे सर्वस्वी टाळावे. परंपरेने वनस्पतीचे गुण ओळखले, हे खरे. परंतु मात्रेचे नियंत्रण नसेल तेथे औषध आणि विष यांत अंतर उरत नाही.